स्वादुपिंडातली पाण्याची गाठ: रिपोर्ट हातात आल्यावर

प्रश्न: आईचं वय ६८. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली, त्यात स्वादुपिंडात २ सेंटिमीटरची ‘सिस्ट’ निघाली. कॅन्सर आहे का?

बहुधा नाही, पण नुसत्या सोनोग्राफीवर ठाम बोलता येत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे असतं आणि पोटातल्या हवेमुळे ते नीट दिसत नाही. एमआरआय आणि त्यासोबत एमआरसीपी (एमआरआयनेच घेतलेलं पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचं चित्र) करून घ्या. गाठ स्वादुपिंडाच्या नळीला जोडलेली आहे का, हे त्यात कळतं. जोडलेली असेल तर आयपीएमएनची, म्हणजे नळीच्या अस्तरातून वाढणाऱ्या, श्लेष्म (बुळबुळीत द्राव) स्रवणाऱ्या गाठीची शक्यता मोठी. मुख्य नळी १० मिलिमीटर किंवा जास्त फुगलेली, गाठीमुळे कावीळ, किंवा गाठीच्या आत रक्तपुरवठा असलेला ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा उंचवटा, यातलं काही दिसलं तर सर्जनना भेटा. नसेल तर बहुधा ठरावीक काळाने स्कॅन पुरतो.

प्रश्न: पत्नी ४४ वर्षांची आहे. स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या (डाव्या टोकाच्या) गाठीला रिपोर्टात ‘स्यूडोसिस्ट’ म्हटलंय. तिला स्वादुपिंडाचा त्रास कधीच झालेला नाही.

तुमचं शेवटचं वाक्य रिपोर्टपेक्षा मोलाचं आहे. स्यूडोसिस्ट, म्हणजे साचलेल्या पाण्याची ‘खोटी’ गाठ, आपोआप उगवत नाही; आधी स्वादुपिंडाला सूज आलेली असते किंवा पोटावर जोराचा मार बसलेला असतो. दोन्ही नसताना या वयाच्या बाईच्या शेपटीकडे गाठ असेल, तर मी आधी म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम (श्लेष्म भरलेली गाठ) धरतो. ही गाठ जवळजवळ फक्त स्त्रियांनाच होते आणि पुढे कॅन्सरकडे वळू शकते. स्यूडोसिस्ट समजून तिच्यातल्या पाण्याला जठरात वाट करून दिली, तर गाठ तशीच मागे राहते.

शंका फेडायला एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात: दुर्बीण जठरात नेऊन तिथूनच सुईने पाणी काढतात. पहिला तपास तिथल्या तिथे होतो. थेंब ग्लोव्हजच्या दोन बोटांत धरून बोटं हळूच लांब केली आणि तार सुटली, तर आत श्लेष्म आहे. मग लॅब. गाठीच्या पाण्यातलं सीईए नावाचं प्रथिन १९२च्या वर (नॅनोग्रॅम/मिली) किंवा ग्लुकोज ५०च्या खाली (मिग्रॅ/डेसिलिटर) असेल तर कौल श्लेष्मल गाठीकडे. अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक एंझाइम) २५०च्या खाली (युनिट/लिटर) असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास बाद. सीईए हजारात आला तरी घाबरू नका. तो गाठीची जात सांगतो, कॅन्सर झालाय की नाही हे सांगत नाही.

प्रश्न: मुलगी २२ वर्षांची. ८ सेंटिमीटरची, अर्धी घट्ट अर्धी पातळ गाठ. डॉक्टर बायोप्सीशिवायच ऑपरेशन म्हणतात. घाई नाही ना?

नाही. हे वर्णन सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठीचं आहे. व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ साली ती नोंदवली, म्हणून जुने डॉक्टर अजून ‘फ्रांट्झ ट्यूमर’ म्हणतात. आत रक्तस्राव होऊन ती अशी मिश्र दिसते. चित्र इतकं ठसठशीत असेल आणि गाठ काढायचीच असेल, तर सुईने निर्णय बदलत नाही. शंका असेल तर सुईच्या नमुन्यावर बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची चाचणी करतात. ही कमी तीव्रतेची कर्करोगी गाठ मानतात, पण पूर्ण काढल्यावर बहुतेक मुली बऱ्या होतात.

प्रश्न: माझी गाठ ‘मधाच्या पोळ्यासारखी’ आहे, मधोमध वण (स्कार) आहे. रक्तातला सीए १९-९ (कॅन्सरचा एक निर्देशक) करू का?

कशाला? हे सेरस सिस्टॅडेनोमाचं, म्हणजे पातळ पाण्याच्या बारीक कप्प्यांच्या गाठीचं चित्र. ती जवळपास नेहमीच निरुपद्रवी असते. सीए १९-९ तर पित्तनलिका तुंबली तरी वाढतो, आणि काहींच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्रास नसेल तर सुईसुद्धा नको.