पशुखाद्य कोरडं आहे आणि लॅब रिपोर्टही निगेटिव्ह आहे, तरी त्यात साल्मोनेला (हगवण लावणारा जंतू) असू शकतो का?

हो, असू शकतो. मी पशुखाद्याच्या क्वालिटीचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कोरड्या मालात साल्मोनेला वाढत नाही हे बरोबर आहे, पण तो मरतही नाही. सोयाबीन पेंड, फिशमील, हाडामांसाचा चुरा, यात तो महिनोन्महिने तग धरून राहतो आणि ओल लागली की परत वाढायला लागतो. पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) करताना वाफेने माल ८०-८५ अंशांपर्यंत तापतो, तिथे बरेचसे जंतू मरतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. खरी गडबड पुढे कूलरमध्ये होते. गरम पेलेट गार करायला बाहेरची हवा आत ओढतात, तिच्यासोबत धूळ येते, वर पत्र्याला आतून वाफेचं पाणी धरतं, त्यात भुकटी चिकटून ओले थर बसतात आणि त्याचे खपले सुटून तयार मालात पडत राहतात. म्हणून नुसतं गोणीतलं सॅम्पल नको, कूलरच्या आतली धूळ पण तपासायला द्या असं मी प्रत्येकाला सांगतो.

रिपोर्टचं म्हणाल तर टेस्टला साधारण २५ ग्रॅम माल घेतात आणि जंतू काही सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, कुठेतरी एखाद्या गुठळीत असतात, ती गुठळी सॅम्पलमध्ये आली नाही तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार. एकाच जागेवरून न घेता लॉटमधून दहा ठिकाणचा माल घ्या.

आणि हे फक्त जनावरांपुरतं राहत नाही हो. वासरांना हगवण लागते, गाभण गाय गाभडू शकते, पण कोंबडी बऱ्याचदा एकदम ठणठणीत दिसते आणि पोटात जंतू घेऊन फिरते, ते मांस-अंड्यांतून माणसांपर्यंत येतात. १९७० च्या सुमारास पेरूहून आलेल्या फिशमीलमधून साल्मोनेला अगोना हा त्याचाच एक प्रकार अमेरिकेत कोंबड्यांच्या खाद्यात शिरला आणि पुढे माणसं आजारी पडली. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना हा आजार जड जातो.

फॉर्मिक किंवा प्रोपिओनिक ॲसिड वापरलं तर फायदा होतो, गार झाल्यावर परत जंतू शिरले तरी त्यांना थोडा आळा बसतो, पण कूलर ओला ठेवून वरून ॲसिड मारत बसण्यात अर्थ नाही, आधी ते पाणी साचणं थांबवा.