डिलोरियन गाडीच्या स्टीलवर बोटांचे डाग आणि बारीक ओरखडे पडलेत, काय करू?

आधी एक विनंती: तारेची घासणी अजिबात लावू नका. तिचे लोखंडी कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि मग स्टीलच गंजलं असं वाटतं.

१९८१-८२ मधल्या या गाडीचा पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा आहे, त्यावर रंग नाही. त्यामुळे ओरखडा परत घासून काढता येतो, हे तिचं मोठं सुख! बोटांच्या डागांना काच पुसायचं लिक्विड आणि मऊ कापड पुरतं. ओरखड्यासाठी स्कॉच-ब्राइटसारखं नायलॉनचं पॅड घ्या. जवळून पाहिलंत तर पत्र्यावर केसासारख्या समांतर रेघा दिसतील. हात त्याच दिशेने, सरळ, लांब फिरवा. गोल फिरवलात तर उन्हात गोल रेघा चमकतात. ब्लीच मात्र लांबच ठेवा.