निऑनचं उत्तर ८० येतंय म्हणजे बरोबर चौपट येतंय

तुझा प्रश्न मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे आयनांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचा: निऑनचा आयन (इथे एक इलेक्ट्रॉन गेलेला अणू) १००० व्होल्टमधून वेग घेऊन फटीतून ०.१ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात शिरतो, वळतो आणि प्लेटवर ठिपका उमटवतो, त्यावरून वस्तुमान काढायचं. तू लिहिलंयस की ते २० यायला हवं आणि तुझं ८० येतंय, शिवाय वेग दिलेलाच नाही. आधी वेगाचं बघू.

चुंबकीय क्षेत्र आयनाला नुसतं वळवतं, त्याचा वेग कमीजास्त करत नाही, कारण बल कायम गतीला काटकोनात असतं. म्हणजे आत शिरताना जो वेग होता तोच शेवटपर्यंत, आणि तो मिळाला कुठून तर आधीच्या १००० व्होल्टमधून. चार्ज गुणिले व्होल्टेज म्हणजेच गतिज ऊर्जा, तिथून वेग काढायचा आणि त्रिज्येच्या सूत्रात (वस्तुमान गुणिले वेग, भागिले चार्ज गुणिले फिल्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्र) टाकायचा. वेग उडून जातो, उरतं ते असं: वस्तुमान म्हणजे चार्ज गुणिले फिल्डचा वर्ग गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले दुप्पट व्होल्टेज.

आता ८० चं. प्रश्नात ४०.७ सेंमी हे फटीपासून प्लेटवरच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर आहे. आयन अर्धवर्तुळ मारून प्लेटवर आदळतो, म्हणजे तो व्यास झाला रे! त्रिज्या २०.३५. त्रिज्येचा वर्ग असल्यामुळे दुपटीची चूक चौपट होऊन बसते. ०.१ टेस्ला घालून परत कर, ३.३ गुणिले दहाचा उणे २६वा घात किलो येईल, म्हणजे २० अणुवस्तुमान युनिट. मीही बारावीत हेच केलं होतं, आणि वर सरांशी वाद घातला होता, असो.

दुसरा ठिपका ४२.७ ला दिलाय तो २२ चा निऑन. ही गंमत खरी घडलेली आहे. १९१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या जे. जे. थॉमसनला निऑनच्या २० च्या रेघेशेजारी २२ ची फिकट रेघ दिसली, आधी वाटलं निऑनला दोन हायड्रोजन चिकटलेत की काय. मग अ‍ॅस्टनने (थॉमसनचाच सहकारी) १९१९ मध्ये केंब्रिजला जास्त बारीक मोजणारं यंत्र बनवलं आणि दोन्ही निऑनच आहेत हे पक्कं केलं. निऑनचा अणुभार २०.१८ असा अपूर्णांकात का येतो तेही त्यातूनच कळलं, २० वाले जास्त, २२ वाले थोडे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू दे, कारण पुस्तकं ती एका ओळीत उरकतात. या सगळ्यातून नुसतं वस्तुमान कधीच मिळत नाही, वस्तुमान भागिले चार्ज एवढंच मिळतं, चार्ज आपणच एक इलेक्ट्रॉनइतका धरलेला असतो. त्यामुळे उद्या त्याच प्लेटवर साधारण २८.८ सेंमीला ठिपका दिसला आणि हिशोबात १० आलं, तर बोरॉन सापडला म्हणून नाचायच्या आधी बघ, तो दोन इलेक्ट्रॉन गेलेला २० चा निऑनच असू शकतो.