पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्पिरिटमधल्या प्राण्यांच्या नमुन्यांच्या लेबलवरची अक्षरं उडून जातात. कोणता कागद आणि कोणती शाई वापरावी?

मी पुण्यातच जतन केलेल्या प्राण्यांच्या नमुन्यांच्या एका छोट्या संग्रहाची देखभाल करतो, त्यामुळे तुमच्या कॉलेजच्या लॅबचं हे दुखणं रोजच्या ओळखीचं आहे.

पहिलं म्हणजे लेबल बरणीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेलं पावसाळ्यात सादळतं, कसर खाते, सेलोटेप पिवळी पडून सुटते. मग गळून पडलेली चिठ्ठी कुठल्या बरणीची, हे कोण सांगणार? बाहेर फक्त नंबर, शोधायच्या सोयीपुरता.

आता शाई. स्पिरिटमध्ये, म्हणजे ७०% अल्कोहोलमध्ये, बॉलपेनचं लिखाण विरघळतं. मार्करवर ‘परमनंट’ छापलेलं असतं ते पाण्यापुरतं. सगळ्यांत फसवी लेसर प्रिंट! टोनर म्हणजे कागदाच्या पृष्ठभागावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची पूड. सुरुवातीला छपाई झकास दिसते, पण पुढे अक्षरं सुटून गाळासारखी तळाशी बसतात. टिकतो तो कार्बन: साधी एचबी पेन्सिल, नाहीतर कार्बन पिगमेंटची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. शाई रात्रभर वाळू द्या, घाई नको.

झेरॉक्सचा कागद स्पिरिटमध्ये राहून लिबलिबीत होतो. शंभर टक्के सुती, आम्लमुक्त, जाडसर कागद घ्या. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची. सुती चिंध्यांचा कागद तिथे विचारून बघा. फुलांच्या पाकळ्या घातलेला देखणा कागद मात्र लग्नपत्रिकांसाठी ठेवा, आपल्याला गुळगुळीत आणि पांढरा हवा. सगळा गठ्ठा घेण्याआधी दोन चिठ्ठ्या लिहून महिनाभर तुमच्याच स्पिरिटमध्ये ठेवा, बाटली हलवा, मग बोटाने घासून बघा.

पॉलिएस्टरची लेबलं आणि रेझिन रिबनचा थर्मल प्रिंटर हाही पर्याय चांगला आहे, पण तो हजारोंनी नमुने असणाऱ्यांसाठी.

हाडांवर किंवा शिंपल्यांवर नंबर घालायचा असेल तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा (हे एक पारदर्शक ॲक्रिलिक रेझिन) थर द्या, तो वाळल्यावर त्यावर शाईने नंबर, वर पुन्हा एक थर. नेलपॉलिश नको, पिवळं पडतं.

लिहिताना नुसतं ‘पुणे’ लिहून भागत नाही. वेताळ टेकडी की मुळशी, तारीख (सालासकट), गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं हवं. आणि जुनी लेबलं कितीही पुसट झाली असली तरी फेकू नका. नवं लिहिताना वाचण्यात चूक झालीच, तर ताडून बघायला तेवढाच पुरावा असतो. तीही त्याच बरणीत राहू द्या.