एका ड्रॉवरपासून सुरुवात करा

प्रश्न : मी इंटिरिअर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थ्रीडी व्ह्यू छान जमतात, पण डिटेल ड्रॉइंग काढताना अडते. 'हे जोडणार कसं?' असं विचारलं की उत्तर नसतं. इतकी मटेरिअल्स शिकायची कशी?

उत्तर : मटेरिअल्सची यादी पाठ करू नका. घरातला एक ड्रॉवर बाहेर काढा, मोजा आणि त्याचा सेक्शन, म्हणजे आडवा कापल्यावर आत जसं दिसेल ते चित्र, एकास एक प्रमाणात काढा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी हेच करायला लावते.

समजा, कपाट ६०० मिमी रुंद आहे. दोन्ही बाजूंचा प्लाय १८-१८ मिमीचा, म्हणजे आत ५६४ उरले. नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांना) दोन्ही बाजूंना साधारण १३-१३ मिमी लागतात, म्हणून ड्रॉवर ५३८चा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पण कपाटाला आतून दोन्ही बाजूंना १ मिमीचं लॅमिनेट (प्लायवर चिकटवायचा पातळ पत्रा, सनमायका) असेल, तर ड्रॉवर ५३६चाच हवा. ते दोन मिमी विसरलात, तर तो चॅनेलवर घासत चालतो आणि सुताराला पूर्ण सोडवावा लागतो. म्हणून प्रत्येक थराची वेगळी रेघ काढा, जाडी लिहा. कड कशाने झाकली तेही दाखवा. विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगमध्ये कडा नसतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण काम बहुतेक वेळा कडेलाच बिघडतं.

मटेरिअल हाताने शिका. सुताराकडून प्लाय, साधा एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या भुग्याचा, चुऱ्याचा बोर्ड) यांचे उरलेले तुकडे मागून घ्या. जाडी मोजून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. एमडीएफची फुगलेली कड पाहिलीत, की सिंकखाली तो सुचवणार नाही. कोरड्या पार्टिकल बोर्डाच्या कडेत स्क्रू पिळा, काढा, परत पिळा. पकड किती गेली ते लगेच जाणवेल. अखंड लाकूड दमट हवेत रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून टेबलाचा लाकडी टॉप फ्रेमला चिकटवत नाहीत, लांबट भोकांतून स्क्रूने धरतात. प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे असतात, त्यामुळे तिथे ही काळजी फारशी नाही.

साइटवर लॅमिनेट चढण्याआधी जा. नंतर जोड दिसत नाहीत. मिस्त्रींना मोकळा वेळ असेल तेव्हाच विचारा.

सेक्शन झाला, की त्या ड्रॉवरची कटिंग लिस्ट लिहा : तळ, मागची फळी, बाजू, प्रत्येकाचं माप. जे माप ड्रॉइंगवरून मिळत नाही, ते आधी ड्रॉइंगमध्ये भरा.