दर विचारणाऱ्या बाईंना आधी उत्तर द्या

"मी चार वर्षांपासून अनुवाद आणि संपादनाचा लहानसा व्यवसाय करते, पानांची मांडणी माझी धाकटी बहीण पाहते. या क्षेत्रात काम ओळखीतूनच मिळते असे सगळे सांगत आले, म्हणून लिंक्डइन, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्यावसायिकांचे अकरा व्हॉट्सअॅप गट एवढा व्याप मी वाढवला. रोज साडेतीन-चार तास त्यातच जातात. लोकांच्या पोस्ट वाचणे, अभिनंदन करणे, प्रतिक्रिया देणे, स्वतः काही लिहिणे हे थांबवले तर लोक मला विसरतील अशी धास्ती वाटते. बहीण म्हणते, 'कामाच्या नावाखाली तू फोन घेऊन बसतेस.' तिला नेटवर्किंगचे महत्त्व कळत नाही. ओढाताण इतकी होते की, तीन आठवड्यांपूर्वी एका प्रकाशन संस्थेच्या संपादक बाईंनी एका मोठ्या पुस्तकाच्या अनुवादाचा दर विचारला होता, तोही कळवायचा राहून गेला आहे. कोणत्या माध्यमाला रोज किती मिनिटे द्यावीत, याचे काटेकोर वेळापत्रक कृपया आखून द्या."
– एक दमलेली व्यावसायिक

ताई,

वेळापत्रक मी आखून देणार नाही. तुमच्या पत्रात माध्यमांविषयी बरेच काही आहे, परंतु माझे लक्ष ज्या वाक्यावर अडकले ते तुम्ही शेवटी, ओढाताणीचे एक उदाहरण म्हणून, घाईघाईने लिहून टाकले आहे. एका संपादकांनी तुम्हाला मोठ्या पुस्तकाचा दर विचारला आणि तीन आठवडे उलटले तरी तुम्ही तो कळवलेला नाही. या वाक्यापुढे बाकीचे पत्र मला दुय्यम वाटते.

तुम्ही सांगता तो वेळ कमीत कमी धरला, म्हणजे रोजचे साडेतीन तास, तरी या तीन आठवड्यांत तुम्ही सत्तर तासांहून अधिक काळ लोकांच्या संपर्कात राहण्यासाठी खर्च केला. हा सगळा खटाटोप कुणीतरी आपल्याकडे काम घेऊन यावे यासाठीच होता ना? त्याच काळात एक बाई काम घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. दर काढायला किती वेळ लागतो हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता: मूळ पुस्तकाची शब्दसंख्या पाहायची, भाषा कितपत अवघड आहे हे कळावे म्हणून मधली चार-सहा पाने वाचायची, त्यांतले एखादे पान प्रत्यक्ष करून किती वेळ जातो ते बघायचे, मांडणीचे बहिणीला विचारायचे आणि आकडा लिहायचा. एका दुपारचे काम आहे. त्यामुळे वेळ मिळाला नाही हे कारण मला पटत नाही, आणि मनातून ते तुम्हालाही पटत नसावे, नाहीतर ही गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नसती.

मला वाटते, तुम्ही त्या आकड्याला घाबरता. ही भीती खरी आहे आणि एकट्याने किंवा दोघींनी व्यवसाय करणाऱ्यांना ती फार छळते, कारण पगारदार माणसाला आपल्या कामाची किंमत दर वेळी स्वतःच्या हाताने लिहून परक्या माणसासमोर ठेवावी लागत नाही. दर जास्त वाटला तर काम हातचे जाईल, कमी लावला तर पुढचे सहा महिने प्रत्येक पान करताना मन कुढत राहील, आणि उत्तरच आले नाही तर दोष दराचा की आपला, याचा विचार रात्रभर चालेल. कुणाच्या यशाच्या पोस्टखाली अभिनंदन लिहिताना यांतला कोणताही धोका नसतो. तिथे कुणी आकडा विचारत नाही, कुणी नकार देत नाही, आणि दिवसाच्या शेवटी आपण व्यवसायासाठीच झटत होतो असे स्वतःला सांगता येते. हे चार तास म्हणूनच तुम्हाला हवेहवेसे झाले आहेत. ते मिनिटांत वाटून दिले तर तुम्ही तितक्याच मिनिटांत तितक्याच मनापासून लपाल.

यात माध्यमांचा काहीच दोष नाही असे मी म्हणत नाही. खाली सरकत राहिले तरी न संपणारे पान ही रचना आझा रास्किन यांनी २००६ साली तयार केली आणि पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. फेसबुकचे 'लाइक'चे बटण २००९ साली आले. इन्स्टाग्रामने २०१६ पासून पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणे सोडून आपले लक्ष कशात गुंतेल या अंदाजाने दाखवायला सुरुवात केली. बक्षीस केव्हा मिळेल याची खात्री नसली की प्राणी तीच कृती सर्वाधिक चिकाटीने करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वी दाखवले होते, आणि दर काही मिनिटांनी फोन उघडून कुणी काय लिहिले ते पाहण्याची आपली सवय त्याच जातीची आहे. हे सगळे खरे आहे. परंतु या यंत्रणेने तुम्हाला त्या बाईंना उत्तर देण्यापासून अडवले नव्हते. त्यांचा निरोपही तुम्हाला त्याच फोनवर मिळाला असणार.

आता नेटवर्किंगचे महत्त्व बहिणीला कळत नाही, या तुमच्या तक्रारीकडे येते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली विरळ ओळखींच्या ताकदीवर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि नेटवर्किंगविषयी आज जे काही बोलले जाते त्याची बरीचशी मुळे तिथे सापडतात. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारले की, ज्याच्याकडून नोकरीची माहिती कळली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणाऱ्यांकडून माहिती मिळालेले सुमारे सतरा टक्केच निघाले. निम्म्याहून अधिक लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली होती आणि उरलेल्या चतुर्थांशाहून थोड्या अधिक लोकांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी लांबून येते. पुढे २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही नोकरी बदलताना मध्यम प्रमाणात विरळ असलेल्या ओळखी सर्वाधिक उपयोगी पडल्याचे आढळले.

हे अभ्यास नोकरीचे आहेत, पण तुमच्या कामालाही त्यांतली एक गोष्ट नेमकी लागू पडते. अधूनमधून भेटणारा माणूस कधीतरी एक ठोस बातमी घेऊन येतो आणि ती ऐकणारा हालचाल करतो, तेव्हाच त्या ओळखीचे काम होते. अशा ओळखींना रोजच्या अभिनंदनाची गरज नसते, म्हणूनच त्या विरळ असूनही टिकतात. तुम्ही चार दिवस दिसला नाहीत म्हणून कुणी तुम्हाला विसरणार नाही. दर विचारला आणि उत्तर आले नाही, हे मात्र लोक चांगले लक्षात ठेवतात आणि दुसऱ्याने तुमच्याविषयी विचारले तर सांगतातही. त्या संपादक बाई म्हणजे तुमच्या चार वर्षांच्या नेटवर्किंगला आलेले फळ आहे, आणि ते नेटवर्किंगमुळेच उचलायचे राहिले असे तुम्ही मला सांगत आहात.

तेव्हा माझे सांगणे एकच आहे. हे वाचून झाल्यावर कोणतेही माध्यम न उघडता बसा आणि त्या बाईंना आज दर कळवा.

उशिराबद्दल एका वाक्यात क्षमा मागा. कारणे देऊ नका, आजारपण किंवा कामाचा भार पुढे करू नका. समोरच्या व्यक्तीला तुमच्या अडचणींशी कर्तव्य नसते आणि लांबलेली क्षमायाचना वाचून तिलाच अवघडल्यासारखे होते. त्यानंतर थेट कोटेशन द्या. दर शब्दाला आहे की पानाला, हे स्पष्ट लिहा, आणि पानाला असेल तर पान म्हणजे किती शब्द तेही लिहा. शब्द मूळ पुस्तकाचे मोजायचे की अनुवादाचे, हे आधीच ठरवा, कारण एकच मजकूर दोन भाषांत सारख्या शब्दांत मावत नाही आणि शेवटी वाद तिथेच होतो; मूळ पुस्तकाचे शब्द धरले तर एकूण रक्कम दोघींनाही पहिल्याच दिवशी दिसते. त्या दरात काय येते ते सांगा: अनुवाद, तुमचे स्वतःचे एक पुनर्वाचन, संपादकांच्या सूचनांनुसार दुरुस्तीची एक फेरी. मुद्रितशोधन आणि मांडणी वेगळी धरणार असाल तर तसे लिहा. काम किती महिन्यांत होईल, रक्कम किती हप्त्यांत हवी आणि पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी हवा, हेही त्याच पत्रात येऊ द्या. मानधन एकरकमी असेल की रॉयल्टीच्या स्वरूपात, अनुवादाचे हक्क कुणाकडे राहतील आणि पुस्तकावर अनुवादक म्हणून तुमचे नाव कुठे छापले जाईल, हे प्रश्न नम्रपणे पण आत्ताच विचारा. करारावर सही झाल्यानंतर ते विचारून उपयोग होत नाही.

आणि आकडा लिहिल्यावर त्यापुढे काहीही लिहू नका. 'थोडे कमी-जास्त करता येईल', 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' अशी वाक्ये घाबरलेली माणसे लिहितात आणि वाचणाऱ्याला ती भीती लगेच कळते. त्यांना दर जास्त वाटला तर त्या तसे म्हणतील, तेव्हा काम कमी करून रक्कम कमी करता येते, उदाहरणार्थ मांडणी त्यांनी करून घ्यायची. त्याच कामाची किंमत न मागता खाली आणू नका.

एवढ्यात काम दुसऱ्या कुणाला दिले गेले असण्याची शक्यता आहे. तीन आठवडे कमी नसतात. तसे झाले असेल तर तुम्हाला वाईट वाटेल, आणि वाटू द्यावे. तरीही दर पाठवायचाच, कारण त्या संस्थेकडे पुढचे पुस्तक असेल आणि त्या वेळी तुमचा आकडा त्यांच्या हाताशी असेल.

आणखी एक गोष्ट मला खटकली. या चौकशीविषयी बहिणीला माहीत आहे, असे तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही. पुस्तक आले असते तर त्याची मांडणी तिने केली असती. म्हणजे हे तीन आठवडे तिच्याही मिळकतीचे होते. तुम्ही कामाच्या नावाखाली फोन घेऊन बसता हे तिचे म्हणणे तुम्हाला लागले, कारण ते बरोबर आहे, आणि त्याचा पुरावा तुम्ही तिच्यापासून लपवला आहे. आकडा काढताना मांडणीचे तिला विचारायचेच आहे, तेव्हाच तिला सगळे सांगा. ती रागावेल. तिला रागावू द्या, आणि यापुढे आलेली प्रत्येक चौकशी दोघींना दिसेल अशा ठिकाणी नोंदवत जा. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये संभाषणांना लेबल लावता येते. 'दर कळवायचा' असे एक लेबल केलेत तरी तुम्हा दोघींना पुरेल.

रोजच्या वेळेचे म्हणाल तर मिनिटे ठरवण्याऐवजी क्रम ठरवा. ज्यांनी काही विचारले आहे त्यांना उत्तर, ज्यांना कोटेशन द्यायचे आहे त्यांना कोटेशन, ज्यांच्याकडून पैसे यायचे आहेत त्यांना बिल, हे तिन्ही झाल्याशिवाय कोणाचीही पोस्ट उघडायची नाही. अकरा गटांपैकी ज्या गटांतून आजवर एकही चौकशी आलेली नाही ते आजच सोडा. त्यानंतर उरलेला वेळ माध्यमांवर घालवलात तरी माझी हरकत नाही. तो पूर्वीइतका लागणार नाही, हे तुम्हाला दोन आठवड्यांत दिसेल.

दर पाठवल्यावर त्या बाईंनी पाहिला की नाही हे तासातासाला तपासत बसू नका. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर त्यांना फोन करा आणि दराविषयी किंवा मुदतीविषयी काही शंका आहे का, एवढेच विचारा.