शनिवारची दुपार मोकळी ठेवा

वाचक विचारतात : प्रवास

(या सदरातली उत्तरं देणाऱ्या ताईंनी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये अनेक वर्षं काम केलं आहे.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. दोघंही नोकरी करतो आणि सुट्या काही केल्या जुळत नाहीत. पुढच्या महिन्यात एक शनिवार-रविवार जुळून आलाय, म्हणून एखाद्या मोठ्या शहरात जाऊ म्हणतोय. दोन शहरं मनात आहेत, नक्की काहीच नाही. नवऱ्याने मोबाईलवर यादी केली आहे, तिच्यात 17 ठिकाणं आहेत. मला एवढी धावपळ नको वाटते. तसं म्हटलं की तो म्हणतो, "मग जायचं तरी कशाला?" पैसे बेताचेच आहेत. मध्यवस्तीतली हॉटेलं महाग, लांबची स्वस्त. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात शहर ठरवण्यापासून कर. दोन्ही शहरांसाठी घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती वेळ लागतो ते कागदावर लिही. विमान तासाभराचं असलं तरी विमानतळावर लवकर पोचणं, सामानाची वाट बघणं, तिथून शहरात येणं धरलं तर पाच तास सहज होतात. थेट जाणारी चार तासांची गाडी त्यापेक्षा बरी. एका बाजूला पाच तासांहून जास्त लागत असतील, तर ते शहर लांबच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

आता यादी. शनिवारी सकाळी 10 ते रविवारी दुपारी 4 म्हणजे 30 तास. त्यातले 8 झोपेचे. खाणं, आंघोळ, आवरणं यांत 5 जातात. मोठ्या शहरात ये-जा आणि रांगा 4 तास तरी खातात. उरले 13. एखादं मोठं संग्रहालय नीट पाहायचं तर 3 तास लागतात. हा हिशोब नवऱ्यासमोर बसून, शांतपणे कर. 17 ठिकाणं बसत नाहीत हे तुला बोलूनही दाखवावं लागणार नाही.

आणि त्याच्यावर चिडू नकोस. फ्रंट डेस्कवर अशी यादी हातात घेतलेली खूप मुलं मी पाहिली आहेत. बायकोची हौस राहू नये, आपल्यामुळे दिवस फुकट जाऊ नये, ही काळजी त्या यादीत असते. ती काळजी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर का आहे, ते मात्र बघ. "मला काहीही चालेल" असं आपण म्हणतो तेव्हा सगळी निवड दुसऱ्यावर पडते, आणि निवड चुकली तर दोषही त्याचाच ठरतो.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे : दोघांनी एकेकच गोष्ट निवडा. जी केल्याशिवाय परत आलात तर मनाला लागून राहील, अशी. त्याची एक, तुझी एक. दुसऱ्याने तिथे मनापासून सोबत जायचं, घड्याळ बघायचं नाही. तुझी गोष्ट "नदीकाठी दोन तास नुसतं बसायचं" ही असली तरी चालेल, पण ती तशी ठरव आणि तिला वेळ लिहून दे. बाकीची 15 ठिकाणं वाटेत आली तर बघा.

या दोन गोष्टी ठरल्या की तिकीट काढण्याआधी त्या उघड्या कधी असतात ते त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघ. शनिवार-रविवारी जाणारे लोक इथे फार फसतात. रोममधली व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. जोडून सोमवारची सुट्टी घेऊन दिल्लीला गेलात, तर लाल किल्ला सोमवारी बंद. अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, तीही दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांपर्यंतची खुली होतात. तिथे दारात जाऊन उभं राहणाऱ्याला आत जाता येत नाही. तुमचं शहर कुठलंही असो, बंद असण्याचा वार आणि वेळ ठरवून द्यावी लागणारी तिकिटं, या दोन चौकश्या आधी.

हॉटेल शेवटी ठरवा. दोन्ही ठिकाणं नकाशावर टिपून घ्या आणि त्यांपैकी एकापासून चालत जाता येईल, किंवा दोन्हींकडे गाडी न बदलता जाता येईल, अशी जागा शोधा. मेट्रोच्या नकाशावरून अंतर मात्र ठरवू नका. हॅरी बेकने काढलेल्या आणि 1933 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशापासून हे नकाशे सोपे, सरळ रेषांचे झाले. गाडी कुठे बदलायची ते त्यांत चटकन कळतं, खरी अंतरं कळत नाहीत. लंडनमधलीच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्टेशनं जेमतेम 260 मीटरवर आहेत. लोक भुयारात उतरून, गाडीची वाट बघून तेवढं अंतर जातात, वर चालत पाच मिनिटंही लागत नाहीत.

पैशांचं म्हणशील, तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं सोमवार ते गुरुवार कामासाठी आलेल्या लोकांनी भरतात. शुक्रवारी ते घरी जातात आणि खोल्या रिकाम्या पडतात, त्यामुळे तिथले शनिवार-रविवारचे दर बहुतेक वेळा उतरतात. फिरायला येणाऱ्यांच्या भागात नेमकं उलटं होतं. तेव्हा लांबच्या उपनगरात स्वस्त खोली घेण्याआधी ऑफिसांच्या भागातले दर बघा. आजूबाजूची काही दुकानं, खाण्याच्या जागा शनिवार-रविवारी बंद असतील, तेवढं विचारून घ्या. लांबच्या हॉटेलात वाचलेले पैसे रात्री उशिराच्या टॅक्सीत जातात, आणि मधे खोलीवर येता येत नाही.

हे मधे खोलीवर येणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शनिवारी दुपारी चार-पाचच्या सुमाराला जोडपी डेस्कवर किल्ली मागायला यायची. सकाळी हसत बाहेर पडलेली हीच दोघं आता एकमेकांकडे न बघता उभी. भांडणाचं कारण विचाराल तर काहीच नसायचं. पाय दुखत असायचे, पोटात वेळेवर काही गेलेलं नसायचं, आणि एक वळण चुकलेलं असायचं. त्यातली कितीतरी तासभर पडून, तोंड धुऊन खाली आली की पुन्हा हात धरून बाहेर पडायची. म्हणून शनिवारी 3 ते 5 यादीत काहीही लिहू नका. खोलीवर या, बूट काढा, पडा. संध्याकाळ वाया जाईल ही भीती नको, कारण मोठ्या शहरांत बरंच काही उशिरापर्यंत उघडं असतं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालयसुद्धा शुक्रवारी आणि शनिवारी रात्री 9 पर्यंत चालू असतं, आणि संध्याकाळी गर्दीही ओसरलेली असते.

निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला एक फोन कर. खोल्यांचं वाटप साधारण तेव्हाच होतं. बुकिंगमध्ये "डबल किंवा ट्विन, उपलब्धतेनुसार" असं लिहिलेलं असेल तर एकच मोठा पलंग हवा हे स्पष्ट सांग, नाहीतर दोन वेगळे पलंग मिळतील. खोली लिफ्टजवळची नको, आणि बँक्वेट हॉलच्या वरची तर मुळीच नको, कारण शनिवारी रात्री तिथे समारंभ असतो. नीट बोलून मागितलं की डेस्कवरचा माणूस जमेल ते करतो. आम्ही करायचो.

प्रश्न : शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघावं की शनिवारी पहाटे? पहाटे निघालं तर एका रात्रीचं भाडं वाचतं.

उत्तर : परवडत असेल तर शुक्रवारी. शनिवारी सकाळी 9 ला पोचाल तेव्हा खोली तयार नसते. आधीचा पाहुणा 11-12 ला बाहेर पडतो, मग हाउसकीपिंगची साफसफाई होते, आणि चेक-इन 2 किंवा 3 ला मिळतं. पहाटे 4 ला उठलेली माणसं अर्धा दिवस लॉबीत पेंगत बसलेली बघवत नाहीत. शुक्रवारी उशिरा पोचणार असाल तर तसं हॉटेलला कळवून ठेवा, नाहीतर "नो-शो" (म्हणजे पाहुणा येणारच नाही) समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते. शनिवारीच जायचं ठरलं, तर पहाटेचा हट्ट सोडा, झोप पूर्ण करून निघा आणि दुपारी पोचा. त्या दिवशी एकच ठिकाण.

प्रश्न : रविवारी 12 ला खोली सोडायची आणि परतीची गाडी रात्री 8 ची. सामान घेऊन फिरायचं का?

उत्तर : अजिबात नाही. खोली सोडली तरी बहुतेक हॉटेलं त्या दिवसापुरतं सामान ठेवून घेतात, पैसेही सहसा घेत नाहीत. ठेवताना टोकन मागून घ्या. दागिने, लॅपटॉप, औषधं आणि ओळखपत्रं जवळच ठेवा. प्रवासात घालायचे कपडे बॅगेत अगदी वर ठेवा, म्हणजे लॉबीच्या स्वच्छतागृहात बदलता येतात. हॉटेल स्टेशनच्या उलट्या दिशेला असेल तर सामानासाठी परत येण्यात तास-दीड तास जाईल. तेव्हा सकाळीच स्टेशनवर जाऊन तिथल्या क्लोकरूममध्ये सामान टाका, आणि ती रात्री किती वाजता बंद होते ते पावती घेतानाच विचारा. 8 ची गाडी असेल तर 7 ला सामान हातात हवं.